मायक्रोआरएनए : एका चिमुकल्या रेणूचा शोध आणि आपले आजार

७ ऑक्टोबर २०२४ रोजी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना जाहीर झाले. ज्या शोधासाठी ते मिळाले, तो त्यांनी १९९३ साली एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत लावला होता. कृमीतल्या या शोधाचा आपल्या आजारांशी काय संबंध, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. संबंध आहे, आणि तो समजून घेण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. 'मायक्रोआरएनए'चे नाव घेऊन कर्करोगाच्या रक्तचाचण्यांचे दावे आता सामान्य माणसाच्या कानावर पडू लागले आहेत. अशा दाव्यात तथ्य किती, हे ओळखायचे तर या रेणूचा इतिहास माहीत असलेला बरा.

आधी थोडी उजळणी

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. यकृताच्या पेशीत जी जनुके आहेत तीच डोळ्याच्या पेशीतही आहेत. तरीही यकृत पित्त तयार करते आणि डोळा प्रकाश टिपतो. याचे कारण, प्रत्येक पेशी त्या संचातली ठरावीक जनुकेच वापरते, बाकीची बंद ठेवते.

हे समजायला स्वयंपाकघराचे उदाहरण सोपे जाते. डीएनए म्हणजे कपाटात कुलूपबंद ठेवलेला पाककृतींचा जाडजूड ग्रंथ. तो बाहेर काढत नाहीत. हवी ती एक पाककृती चिठ्ठीवर उतरवून घेतात. ही चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए, अर्थात एमआरएनए. कोविडच्या काही लशींमुळे हे नाव आता घरोघरी पोचले आहे. चिठ्ठी पेशीतल्या आचाऱ्याकडे, म्हणजे रायबोसोमकडे जाते आणि तो त्यावरून पदार्थ, म्हणजे प्रथिन बनवतो.

कोणती पाककृती कधी उतरवायची हे कोण ठरवते? १९६१ मध्ये फ्रान्समधील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी जिवाणूंमधल्या जनुक-नियंत्रणाची रीत मांडली. पुढे असे दिसले की काही खास प्रथिने डीएनएला चिकटतात आणि जनुक चालू किंवा बंद करतात. हे अगदी बरोबर होते. पण त्यातून एक समजूत पक्की झाली, की नियंत्रण म्हणजे प्रथिनांचे काम, आणि ते ग्रंथापाशीच चालते. चिठ्ठी एकदा बाहेर पडली की पदार्थ होणारच, असे बहुतेकांनी गृहीत धरले.

कृमीची निवड

आपल्याकडच्या डाळिंब आणि टोमॅटो उत्पादकांना सूत्रकृमी हा शब्द चांगला परिचयाचा आहे. मुळांवर गाठी आणणारा तो कृमी शेतकऱ्याचा शत्रू. त्याचा एक निरुपद्रवी भाऊबंद मातीत, कुजणाऱ्या पाल्यात जिवाणू खाऊन राहतो. त्याचे नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात संशोधनासाठी त्याची निवड केली. तो पारदर्शक असतो, तीन-चार दिवसांत वाढतो आणि प्रौढ कृमीच्या शरीरात (प्रजननपेशी सोडून) नेमक्या ९५९ पेशी असतात. प्रत्येक पेशी कुठून आली याचा हिशेब मांडता येतो.

१९८० च्या दशकात ॲम्ब्रोस आणि रुव्हकुन हे दोघेही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथे दोन बिघडलेल्या कृमींचा अभ्यास चालू होता. पहिल्यात लिन-४ हे जनुक नादुरुस्त होते. तो कृमी आकाराने वाढे, पण बाल्यावस्थेतले टप्पे पुन्हा पुन्हा गिरवत राही. त्याला अंडी बाहेर टाकण्याचे छिद्रच तयार होत नसे, त्यामुळे पिल्ले आईच्या पोटातच अंड्यांतून बाहेर येत. दुसऱ्यात लिन-१४ हे जनुक निकामी होते. त्याची तऱ्हा नेमकी उलटी, तो सुरुवातीचे टप्पे गाळून पुढे उडी मारी.

ॲम्ब्रोस यांनी दाखवले की लिन-४ हे लिन-१४ ला आवरते. वाढीच्या योग्य वेळी लिन-१४ चे काम थांबले पाहिजे आणि ते थांबवणारा लिन-४ आहे. पण कसे, हे कळत नव्हते.

१९९३ : दोन कोडी, एक उत्तर

पुढे दोघांनी आपापल्या प्रयोगशाळा थाटल्या. ॲम्ब्रोस हार्वर्ड विद्यापीठात, तर रुव्हकुन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. कामाची वाटणी आपसूक झाली. ॲम्ब्रोस यांच्याकडे लिन-४, रुव्हकुन यांच्याकडे लिन-१४.

लिन-४ चा शोध घेताना ॲम्ब्रोस यांच्या सहकारी रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम यांनी जनुकाचा भाग छाटत छाटत सुमारे सातशे अक्षरांपर्यंत आणला. एवढासा तुकडाही बिघडलेल्या कृमीला बरा करत होता. पण त्यात प्रथिनाची पाककृती काही केल्या सापडेना. शेवटी जे हाती आले ते फक्त २२ अक्षरांचे आरएनए होते. एमआरएनए साधारणपणे शेकडो ते हजारो अक्षरांचे असते. त्यामानाने हा रेणू म्हणजे कागदाचा कपटा.

तिकडे रुव्हकुन यांच्याकडे वेगळेच कोडे होते. लिन-१४ ची चिठ्ठी, म्हणजे एमआरएनए, व्यवस्थित तयार होत होती. तिचे प्रमाणही फारसे घटत नव्हते. तरी त्यापासून बनणारे प्रथिन मात्र वेळ आली की नाहीसे होई. म्हणजे अडवणूक ग्रंथापाशी नव्हती, चिठ्ठी लिहून झाल्यावर होत होती. आणि या अडवणुकीसाठी चिठ्ठीच्या शेवटच्या, पाककृती संपल्यानंतरच्या भागाची गरज होती.

१९९२ मध्ये दोघांनी आपापली अक्षरे एकमेकांना कळवली. लिन-४ ची छोटी अक्षरमाला लिन-१४ च्या शेपटाकडील मजकुराशी जुळत होती. एकदा नव्हे, सात ठिकाणी. अर्थ उघड होता. लिन-४ कोणतेही प्रथिन बनवत नाही. त्याचे इवलेसे आरएनए थेट लिन-१४ च्या चिठ्ठीला चिकटते आणि आचाऱ्याला पदार्थ करू देत नाही. डिसेंबर १९९३ मध्ये 'सेल' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोघांचे लेख आले.

सात वर्षांची शांतता

वाचकहो, एवढा मोठा शोध लागल्यावर गाजावाजा झाला असेल असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. लिन-४ सारखे जनुक माणसात सापडत नव्हते, तेव्हा ही या एका कृमीची खासियत असावी असा बहुतेकांनी समज करून घेतला. शिवाय इतके आखूड आरएनए कोणी शोधतही नव्हते. तो तुटक्या रेणूंचा कचरा समजला जाई.

२००० साली चित्र पालटले. रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेला त्याच कृमीत लेट-७ हा दुसरा छोटा आरएनए सापडला. त्याच वर्षी त्यांनी दाखवले की लेट-७ ची तीच अक्षरे माशी, मासा आणि माणूस यांच्यातही जशीच्या तशी आहेत. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत जे बदलले नाही, ते बिनकामाचे असणे शक्य नाही. २००१ मध्ये तीन प्रयोगशाळांनी असे अनेक रेणू एकदम जाहीर केले आणि 'मायक्रोआरएनए' हे नाव रूढ झाले. आज माणसात हजाराहून अधिक मायक्रोआरएनएंची जनुके ज्ञात आहेत.

हे काम चालते कसे?

मायक्रोआरएनए आधी लांब धाग्याच्या रूपात तयार होते. हा धागा केसांच्या पिनेसारखा दुमडलेला असतो. केंद्रकात ड्रोशा आणि बाहेर डायसर ही प्रथिने त्याला कातरतात आणि सुमारे २२ अक्षरांचा तुकडा उरतो. तो अर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो. मग ही जोडी जुळणारी चिठ्ठी शोधते. त्यासाठी साधारण दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतची जुळणी महत्त्वाची असते. चिठ्ठी सापडली की तिचे भाषांतर रोखले जाते किंवा ती लवकर नष्ट केली जाते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मायक्रोआरएनए बहुधा जनुक पूर्ण बंद करत नाही, त्याचा आवाज कमी करते. दोन, एकच मायक्रोआरएनए शेकडो चिठ्ठ्यांवर परिणाम करू शकते आणि एकाच चिठ्ठीवर अनेक मायक्रोआरएनए काम करतात. याच दोन गोष्टींमुळे त्यांच्यापासून औषध बनवणे इतके अवघड ठरले.

रोगांशी नाते

सगळ्यात बोलके उदाहरण रक्ताच्या एका कर्करोगाचे आहे. क्रॉनिक लिंफोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा मुख्यतः उतारवयातला, बहुधा संथ चालीचा आजार. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या कर्करोगी पेशींत १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोगाला लगाम घालणारे जनुक असणार, या अंदाजाने अनेक वर्षे शोध चालला. पण सगळे प्रथिनाचे जनुक शोधत होते, आणि पटण्याजोगे काही मिळेना. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने उत्तर दिले. त्या जागी दोन मायक्रोआरएनए होते, मिर-१५ए आणि मिर-१६-१. मानवी कर्करोगाशी मायक्रोआरएनएचा संबंध दाखवणारा हा पहिला पुरावा.

पुढे कळले की हे दोघे बीसीएल-२ या प्रथिनाला आवरतात. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. लगाम गेला की बीसीएल-२ वाढते, आणि ज्या पेशींनी वेळेवर मरायला हवे त्या साचत जातात. २०१० मध्ये उंदरांतून हा भाग काढून टाकल्यावर काहींना तसाच आजार झाला. बीसीएल-२ ला थेट रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून सीएलएलसाठी वापरात आले. ते मायक्रोआरएनएच्या अभ्यासातून जन्मले नाही. पण या आजारात ते इतके उपयोगी का पडते, हे समजायला त्या अभ्यासाची मदत होते.

तुमच्या घरी कुणाच्या सीएलएलच्या तपासणी अहवालात 'डिलीशन १३क्यू' असे लिहिलेले असेल तर ते याच गळालेल्या तुकड्याबद्दल आहे. 'तुकडा गळाला' हे वाचून धास्ती वाटते. पण तो एकटाच दोष असेल, तर अशा रुग्णांचा आजार इतर अनेक प्रकारांपेक्षा सौम्य चालतो. नेमका अर्थ मात्र तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांकडूनच समजून घ्या.

इतर उदाहरणे थोडक्यात. मिर-९६ मध्ये एका अक्षराचा बदल झाल्याने पिढ्यान्पिढ्या ऐकू येणे कमी होत जाणारी कुटुंबे स्पेनमध्ये आढळली (२००९). कातरणाऱ्या डायसरच्या जनुकात जन्मतः दोष असेल तर लहान मुलांत फुप्फुसाची दुर्मिळ गाठ आणि काहींत थायरॉइडच्या गाठी होतात. आणि हिपॅटायटिस-सी चा विषाणू तर यकृतातल्या मिर-१२२ चा आधार घेऊनच वाढतो.

मग औषध आणि चाचणी?

मिर-१२२ ला बांधून ठेवणाऱ्या मिराव्हिर्सेन या औषधाने रुग्णांमधला विषाणू घटतो, हे २०१३ मध्ये दिसले. पण त्याच सुमारास हिपॅटायटिस-सी बरा करणाऱ्या गोळ्या आल्या आणि हे औषध मागे पडले. कर्करोगासाठी मिर-३४ बाहेरून देण्याची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण काही रुग्णांत प्रतिकारशक्तीचे गंभीर दुष्परिणाम झाले. मायक्रोआरएनएवर आधारित एकही औषध अजून रोजच्या वापरात आलेले नाही. मात्र त्याच्या चुलत भावंडाने, म्हणजे एकाच चिठ्ठीला नेमके लक्ष्य करणाऱ्या कृत्रिम आरएनएने बाजी मारली आहे. वाईट कोलेस्टेरॉल सुमारे निम्म्याने घटवणारे इन्क्लिसिरान हे इंजेक्शन त्यातलेच. सुरुवातीचे दोन डोस झाले की ते वर्षातून दोनदाच घ्यावे लागते.

आता रक्तचाचण्यांविषयी. मायक्रोआरएनए रक्तातही टिकून असतात, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. त्यावरून कर्करोग लवकर ओळखता येईल ही आशा रास्त आहे. पण अडचणी आहेत. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी काही मायक्रोआरएनएंची पातळी वाढलेली दिसते. एकाच कर्करोगाबाबत वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष अनेकदा जुळत नाहीत. म्हणून निरोगी माणसाने केवळ अशा चाचणीच्या भरवशावर निर्धास्त होऊ नये किंवा घाबरूनही जाऊ नये. तोंडाची तपासणी, स्तनांची मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची चाचणी यांची जागा तिने अजून घेतलेली नाही. कुणी महागडी चाचणी सुचवली तर दोन प्रश्न जरूर विचारा : निकाल काहीही आला तरी माझ्या उपचारात काय बदलेल? आणि ही चाचणी माझ्यासारख्या लोकांवर पडताळली आहे का?

शोध ते पारितोषिक हा प्रवास ३१ वर्षांचा झाला. शोध ते औषध हा प्रवास अजून चालू आहे. तोपर्यंत या विषयावरची बातमी कुतूहलाने वाचा, पण तपासणी आणि उपचारांचे निर्णय आज सिद्ध झालेल्या गोष्टींवरच घ्या.