पडण्याची विद्या
सर्कशीतला विदूषक तारेवरून कोसळला की आपण मनमुराद हसतो. परंतु ज्याला तारेवर नीट चालता येते, त्यालाच न येण्याचे सोंग वठविता येते. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. पुढे त्यांच्याच प्रेरणेने कीलेरी कुन्हिकण्णन यांनी १९०१ साली तलश्शेरीजवळ कसरतींची शाळा काढली. अमेरिकेत तर १९६८ साली खास विदूषकांचे विद्यालय निघाले. तेही १९९७ साली मिटले. आपल्याकडे ही विद्या पुष्कळदा तंबूतच, कोवळ्या वयात अंगी मुरे. सर्कशीत मुलांना राबविण्यास बंदी घालावी, असा आदेश २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारास दिला, आणि तो योग्यच होय. आता शिकणारा प्रौढच असावयाचा. आणि पडणे शिकावयास प्रौढ हाडे सहजासहजी राजी होत नाहीत.