गावातला तणाव मंत्रालयापर्यंत कसा पोहोचतो?

दंगल उसळली की 'माहिती घेत आहोत' हे मंत्र्यांचे ठरलेले उत्तर असते. ती माहिती आधी यायची वाट कोणती, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असायला हवे.

पहिला दुवा पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार गावातील गुन्हे आणि एकूण परिस्थिती वर कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे. ठाण्यातून माहिती जिल्हा विशेष शाखेकडे आणि अधीक्षकांकडे जाते. राज्य गुप्तवार्ता विभाग आपली माहिती वेगळी गोळा करतो. कागदावर साखळी भक्कम आहे. पण पोलीस पाटील त्याच गावचा असतो, आणि गावात वजन कोणाचे हे आपल्याला कोणी सांगायला नको. बौद्धवाड्यात लोक धास्तावलेले असताना वर 'किरकोळ वाद' एवढेच जाऊ शकते.

वढू बुद्रुकचे उदाहरण घ्या. २९ डिसेंबर २०१७ रोजी गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीजवळील फलकावरून वाद झाला, ॲट्रॉसिटीचा गुन्हाही नोंदला गेला. म्हणजे घटना सरकारदप्तरी होती. १ जानेवारीला जवळच भीमा कोरेगावला लढाईच्या द्विशताब्दीनिमित्त प्रचंड जनसमुदाय येणार, हेही उघड होते. तरी त्या दिवशी भीमा कोरेगाव, सणसवाडी परिसरात दगडफेक, जाळपोळ झाली. एका तरुणाचा जीव गेला. आमच्या मते इथे माहितीची वाण नव्हती, तिचे गांभीर्य कोणी ओळखले नाही. न्या. जे. एन. पटेल आयोग नेमला गेला, तो घटनेनंतर.

दुसरी वाट ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत आहे, आणि ती फार कमी वापरली जाते. नियम ३ प्रमाणे अत्याचारप्रवण क्षेत्रे आधीच निश्चित करायची असतात. नियम ८ चा संरक्षण कक्ष तेथील कायदा-सुव्यवस्थेची स्थिती नोडल अधिकाऱ्याला कळवतो. नियम १६ ची राज्यस्तरीय दक्षता समिती खुद्द मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली असते. तिची बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये व्हावी लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची दर तीन महिन्यांनी.

तणाव जाणवला की फोनवर भागवू नये. ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, प्रत अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि गृह विभागाला पाठवावी, तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. आपल्या जिल्ह्यातील समितीच्या बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागता येतात. जुलैच्या आत मागवून ठेवा.