वाड्याला शंभर मीटर, नळाला काहीच नाही

शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्यापाशी विद्यार्थ्यांना घेऊन गेले की मी आधी एकच प्रश्न विचारते : इथं पाणी कुठून यायचं? मुठा नदी तर वाड्याच्या खालच्या अंगाला, आणि पंप नव्हतेच. जुन्या वाड्यांची मोजमापं घेणं हा माझा व्यवसाय. पण या वाड्याची खरी लांबी फूटपट्टीवर मावत नाही. तो कात्रजपर्यंत पसरलेला आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या डोंगराखाली आंबील ओढ्याचं पाणी अडवून तलाव केले गेले. वरच्या तलावात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी खालच्या तलावात उतरायचं आणि तिथून चुन्यात बांधलेल्या भुयारी नळातून शहराकडे निघायचं. आठेक किलोमीटरची वाट, सगळी निव्वळ उतारावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले. त्यांतून नळातली कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ उपसायला माणूस आत उतरू शके. दुरुस्तीची सोय बांधकामातच ठेवणाऱ्या त्या कारागिरांबद्दल मला फार आदर वाटतो.

शहरात हे पाणी हौदांमध्ये खेळायचं. काळा हौद, फडके हौद, साततोटी ही नावं आजही पत्त्यांत आहेत. मात्र शहरातला प्रत्येक हौद प्रत्येकाचा नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला आणि डॉ. विश्राम रामजी घोल्यांनी लेकीच्या आठवणीत बांधलेला बाहुलीचा हौदही सर्वांसाठी होता. पुण्याच्या पाण्याचा इतिहास सांगताना हे गाळलं तर तो अर्धाच राहतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. आई सांगायची, तेव्हा पेठांतली माणसं कळशा घेऊन पुन्हा विहिरींकडे आणि हौदांकडे वळली. दोनशे वर्षांची जुनी सोय त्या दिवसांत उपयोगी पडली.

आता ही सोय जपायला स्मारकांचा कायदा काय देतो ते बघा. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीची अट. २०१० च्या दुरुस्तीपासून हे पक्कं आहे आणि शनिवारवाड्याला ते लागू आहे. पण हे वर्तुळ झालं. कात्रजचा नळ ही रेघ आहे. वर्तुळाबाहेर पडताच ती सोसायट्यांच्या पायांखालून, रस्त्यांखालून, कुणाच्या परसातून जाते. तळघर खणताना तिची कमान फुटते, सांडपाणी आत शिरतं. कुठे उच्छ्वासावर फरशी बसते, आणि मग खाली काय आहे हे पुढच्या पिढीला कळतच नाही. वर कात्रजला डोंगर फोडला की पावसाबरोबर माती थेट तलावात येते आणि जलपर्णी माजते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नळाची रेघ आणि शिल्लक राहिलेला प्रत्येक उच्छ्वास शहराच्या विकास आराखड्यावर उमटला पाहिजे. बांधकामाची परवानगी देणाऱ्या माणसाच्या टेबलावर तो नकाशा उघडा हवा. आणि फुटलेल्या जागी सिमेंट थापू नका. चुन्याची भिंत ओल आत घेते नि बाहेर सोडते; सिमेंटचा थर ती ओल आत कोंडतो आणि शेजारचा चांगला दगडही सुटायला लागतो. चुना मळणारे गवंडी अजून मिळतात. त्यांना काम द्या.