पड जमिनीचे भाडे

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याचा पश्चिमेकडील चिंचोळा पट्टा १८५० ते १८९० या काळात कोणत्याच राज्यात मोडत नव्हता; लोक त्यास 'कोणाचीच नव्हे अशी भूमी' म्हणत. त्याच्या अगदी टोकाला सिमरॉन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग; वस्ती मात्र येथे फारच विरळ. जमीन राखण्यासाठी शेतकऱ्यास रोख रक्कम द्यावी, या धोरणाचा इतिहास ज्यास समजून घ्यावयाचा आहे त्याने या मुलुखाकडे पाहावे.

१९१७ साली सरकारने गव्हास बुशेलमागे दोन डॉलरहून अधिक भावाची हमी दिली आणि पिढ्यान्‌पिढ्या गवताने धरून ठेवलेली माती नांगराखाली आली. १९३१ पर्यंत तोच भाव ४० सेंटांखाली घसरला. कर्ज फेडावयाचे म्हणून शेतकऱ्याने अधिकच नांगरट केली. शहरातून ट्रॅक्टर घेऊन येणारा, पेरून निघून जाणारा आणि पीक बुडाले की रान उघडे टाकणारा 'सुटकेस शेतकरी' तर निराळाच. पुढे अवर्षण पडले. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी धुळीची काळी भिंत या प्रदेशावरून सरकत गेली. त्याच महिन्याच्या २७ तारखेस मृद्‌संधारणाचा कायदा झाला.

अनुदानाला आजचे रूप मात्र न्यायालयाच्या एका निकालामुळे आले. १९३३ च्या कायद्याने पेरा घटविणाऱ्यास पैसे मिळत. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरविली. २९ फेब्रुवारीस नवा कायदा तयार! गहू, कापूस, मका ही आता 'माती झिजविणारी' पिके ठरली. गवत आणि द्विदल ही 'माती राखणारी'. पहिली सोडून दुसरी घेईल त्यास पैसे. बाजारात जी पिके उदंड झाली होती नेमकी तीच मातीला मारक निघावीत, हा योगायोग समजण्याइतके भोळे राहण्याचे कारण नाही. ह्यू बेनेट यांच्यासारखा माणूस मातीसाठी आयुष्यभर झटला, हे खरेच. पण तिजोरी उघडली ती भावाच्या किल्लीने.

आपल्याकडे मुंबई प्रांताच्या १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीचा खर्च जमीनधारकाकडून वसूल करण्याची सोय केली. शेतकऱ्यास ते जाचक वाटले असेल. तथापि घातलेला बांध शेतातच राही. अमेरिकेतील करार मुदतीचा. १९५६ च्या 'मृदा पेढी' योजनेत गवताखाली गेलेली कितीतरी जमीन, करार संपल्यावर आणि १९७२ साली रशियाने प्रचंड धान्यखरेदी केल्यावर पुन्हा नांगरली गेली. १९८५ साली दहा ते पंधरा वर्षांच्या कराराची नवी योजना निघाली. २००७ मध्ये तिच्याखाली देशभरात सुमारे ३ कोटी ६८ लक्ष एकर जमीन होती. भाव चढले, तशी ती घटू लागली. २०१४ च्या कायद्याने तर कमाल मर्यादाच टप्प्याटप्प्याने २ कोटी ४० लक्ष एकरांवर आणली.

याच योजनेत एक कलम आहे: सामान्यतः कोणत्याही काउंटीतील लागवडीच्या जमिनीपैकी २५ टक्क्यांहून अधिक जमीन अशी पड ठेवता येत नाही. कारण उघड आहे. पड जमिनीस बी लागत नाही, खत लागत नाही, मजूर लागत नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आणि धान्याच्या कोठाराचा मालक हात चोळीत बसतो. भाडे मिळते ते जमीन ज्याच्या ताब्यात त्यास, मग तो गावात राहो वा दूरच्या शहरात. मातीबरोबर गावही राखले पाहिजे, हे कायदा करणाऱ्यांस निदान या कलमापुरते तरी उमगले होते.

सिमरॉनमध्येच दुसराही एक प्रयोग झाला, त्याची चर्चा क्वचितच होते. १९३० नंतरच्या दशकात सरकारने काही उजाड रान भाड्याने न घेता विकतच घेतले आणि त्यावर गवत लाविले. १९६० साली ते शेजारच्या टेक्सासमधील रानासह 'रिटा ब्लँका' राष्ट्रीय तृणभूमीत समाविष्ट झाले. तेथे परवान्याने गुरे चरतात. गव्हाचा भाव त्यानंतर अनेकदा चढला, त्या गवतात नांगर शिरला नाही. आसपासच्या खाजगी शेतांचे करार मात्र मुदत संपली की नव्याने करावे लागतात.