विदर्भातील दात्रकोशिका-विकार : शोधाची दिशा आणि जातीचा शिक्का

विदर्भात आज ज्यास 'सिकलसेल' म्हणतात, त्या आनुवंशिक दात्रकोशिका-विकाराच्या भारतातील पहिल्या नोंदी १९५२ सालच्या होत. त्या वर्षी लेहमन व कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींच्या रक्तात, तर डनलॉप व मजुमदार यांना आसामातील चहामळ्यांवरील मजुरांत तो आढळला. हे मजूर मूळचे आसामचे नव्हेत. मळ्यांसाठी त्यांची भरती बाहेरून झालेली होती.

लेहमन यांनी या दोषाचा संबंध 'वेड्डिड' मानववंशाशी जोडला. वंशांच्या वर्गवारीचे तत्कालीन मानवशास्त्रास मोठे आकर्षण होते. अभ्यासक आदिवासींकडे गेले म्हणून विकार प्रथम आदिवासींत सापडला, हे साधे कारण मात्र मागे पडले.

१९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांचे मध्य भारतासंबंधीचे टिपण 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि नागपूरकडे लक्ष वळले. पुढील पाहण्यांत गोंड, माडिया, परधान यांच्याबरोबरच महार, कुणबी व तेली समाजांतही हा दोष आढळला. प्रमाण सर्वत्र सारखे नाही; परंतु तो कोणा एका वंशाची खूण आहे, हे म्हणणे त्यानंतर टिकण्यासारखे नव्हते.

याहून समाधानकारक उपपत्ती ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून १९५४ मध्ये मांडली होती. एकाच पालकाकडून दोष आलेल्या वाहकास घातक हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या प्रदेशात हा जनुक टिकून राहतो. डासाला जात कळत नाही. १९८६ मध्ये कुलोझिक व सहकाऱ्यांना ओडिशातील आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागातील रुग्णांत या जनुकाभोवतीची रचना एकच असल्याचे दिसले. तिला 'अरब-भारतीय' म्हणतात. तिच्यामुळे विकार सौम्य राहतो हा समज रूढ झाला, पण नागपूरच्या बालरुग्णांतील गंभीर आजाराने तो पुष्कळ मर्यादित केला.

वंशसिद्धान्त मागे पडला, पण शिक्का उरला. विकार एखाद्या समाजाच्या नावाने ओळखला गेला की त्या समाजातील वाहक विवाहप्रसंगी तपासणीचा कागद लपवितो आणि शेजारच्या समाजास तपासणीची गरजच वाटत नाही. दोन्ही पालक वाहक असल्यास मात्र प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव चारांत एक, मग त्यांची जात कोणतीही असो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभिलेल्या राष्ट्रीय निर्मूलन अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले, तेही प्रामुख्याने आदिवासी क्षेत्रांतील.