जुने खेळ आणि स्मृतीचा न्याय

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात ॲलामोगोर्डो नावाचे गाव आहे. २६ एप्रिल २०१४ रोजी तेथील जुन्या कचराभूमीत उत्खनन झाले, आणि वाऱ्याची धूळ खात शेकडो माणसे ते पाहावयास उभी राहिली. भूमीतून निघाले ते ताम्रपट नव्हेत, नाणी नव्हेत. १९८३ साली ‘अटारी’ कंपनीने पुरून टाकलेल्या व्हिडिओ खेळांच्या चेपलेल्या कॅसेटी! त्यांत ‘ई. टी.’ हा खेळ होता. जगातील सर्वांत वाईट खेळ अशी त्याची अपकीर्ती.

ही अपकीर्ती कितपत न्याय्य होती? स्पीलबर्ग यांच्या १९८२ च्या चित्रपटावरून तो खेळ नाताळच्या बाजारासाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना सुमारे ५ आठवड्यांत रचावा लागला. यंत्राची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट; आजच्या संगणकलेखनात तेवढ्यात देवनागरीची ४२ चिन्हे मावतात. खेळात दोष होता, हे नाकारता येत नाही. नायकाचे पाय काठावर असूनही केवळ डोके खड्ड्याच्या चित्राला टेकले, तरी तो आत कोसळे, आणि पुनःपुन्हा कोसळे. परंतु सदोष असणे निराळे आणि सर्वांत वाईट ठरणे निराळे. १९८३ साली अमेरिकेतील या खेळांचा बाजार बुडाला, त्याची कारणे निकृष्ट खेळांचा पूर, दुकानांत तुंबलेला माल आणि स्वस्त झालेले घरगुती संगणक यांत शोधावी लागतात; लोकस्मृतीने मात्र सारे खापर या एका बापड्या खेळाच्या माथी फोडले. ज्यांनी तो कधी हाती धरला नाही, तेही त्याची निंदा करू लागले. याच वॉरशॉंचा, याच यंत्रावरचा आणि याच वर्षीचा ‘यार्स रिव्हेंज’ मात्र उत्कृष्टांत गणला जातो.

ही झाली तिरस्काराची परंपरा. प्रेमाची परंपरा तिच्याहून मोहक, म्हणून अधिक फसवी. ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे एका रोगासाठी घडविली. घरापासून दुरावलेल्या स्विस तरुणांची व्याकुळता हा तो रोग. घरी परतणे आणि वेदना, या अर्थांचे दोन ग्रीक शब्द तीत जोडले आहेत. मराठीने तिला ‘स्मरणरंजन’ म्हटले आणि वेदना गाळून रंजन तेवढे ठेवले. परीक्षकाला मराठी शब्दच अधिक उपयोगी. कारण रंजन होऊ लागले की माणूस गुणदोष मोजीत नाही.

तरीही जुन्या खेळाडूची प्रत्येक आठवण भ्रम म्हणून झटकून टाकता येत नाही. पूर्वीचे खेळ काचनळीच्या दूरचित्रवाणी संचासाठी रेखाटलेले असत. त्या पडद्यावर प्रकाशबिंदू एकमेकांत किंचित विरघळत. १९९१ च्या ‘सॉनिक’मधील धबधबा वस्तुतः उभ्या पट्ट्यांचा आहे, जुन्या जोडणीतून त्या पट्ट्या मिसळून पाणी पारदर्शक भासे. आजच्या सपाट, रेखीव पडद्यावर पट्ट्या तेवढ्या उरतात. तेव्हा ‘पूर्वी हे सुंदर दिसे’ असे कोणी म्हटले, तर तो हळवेपणा नसून साक्ष असते.

भारतात गोष्ट आणखी गुंतागुंतीची. १९९० च्या दशकात येथील कित्येक घरांत ‘निन्टेन्डो’च्या नकली यंत्रांवर ‘सुपर मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ पोहोचले. अनेक मुलांना मूळ कंपनीचे नावही ठाऊक नव्हते. उन्हाळ्याची सुटी, भावंडांतील पाळीची भांडणे आणि ऐन रंगात गेलेली वीज यांतून खेळाचा गुण वेगळा काढावयाचा तरी कसा? १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेय पाजित्नोव यांनी रचलेला ‘टेट्रिस’ ती सुटी न भोगलेल्या मुलांनाही आज गुंतवून ठेवतो. असा पुरावा प्रत्येक खेळाच्या वाट्याला येत नाही.

कारण पुष्कळसे खेळ आज मिळतच नाहीत. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. ज्यांवर कोणाचे बालपण जडले आहे, ते खेळ कंपन्या नव्याने विकावयास काढतात; उरलेल्यांची फेरतपासणी करावयाची, तर ते प्रथम हाती यावयास हवेत. ॲलामोगोर्डोच्या मातीतून निघालेली ‘ई. टी.’ची एक कॅसेट मात्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जतन करून ठेवली आहे.