कंठोष्ठ्य व्यंजने (भारत-यूरोपीय)
जिभेचा मागचा भाग मृदुतालूला टेकवून त्याच वेळी ओठ गोल करून उच्चारलेली व्यंजने. मूळ भारत-यूरोपीय भाषेसाठी *क्व, *ग्व, *घ्व अशी त्यांची पुनर्रचना करतात. जोडाक्षर हा केवळ लेखनातला नाइलाज, ध्वनी एकच.

लॅटिनने *क्व जपला : क्वात्तुओर (चार). वेल्शमध्ये त्याचा ‘प’ झाला : पेद्वार. ग्रीकमध्ये पुढच्या स्वराने निकाल लावला : इ, ए यांपूर्वी ‘त’ (तिस, ‘कोण’), अ, ओ यांपूर्वी ‘प’ (पोतेरोस, ‘दोहोंपैकी कोणता’). मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडलेल्या लिनिअर बी लिपीत मात्र या व्यंजनांना वेगळी चिन्हे आहेत. म्हणजे त्या लिपीत लिहिलेल्या प्राचीन मायसीनी ग्रीकमध्ये ती अजून शाबूत होती. मूळ *ग्व असलेला लॅटिन ‘बोस’ (बैल) मात्र नियमाने ‘वोस’ व्हायला हवा होता. तो शेजारच्या इटालिक बोलीतून उसना आलेला दिसतो.

संस्कृतात ओठांचा गोलवा गेला आणि मूळ इ, ए यांपूर्वी ‘क’चा ‘च’ झाला. पुढे त्या ‘ए’चाही ‘अ’ झाला, पण ‘च’ साक्षीला उरला. मराठी ‘कोण’मधला ‘क’ आणि ‘चार’मधला ‘च’ हे मुळात एकच व्यंजन.